पान भारी असताना

२०२५ साली पोळा २२ ऑगस्टला आला. त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपतींनी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला संमती दिली. खेळ डोक्याचा आहे की नशिबाचा, हा प्रश्नच या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून मोबाइलवर खेळायचा असेल तर तो चालणार नाही, एवढेच त्याने सांगितले. पोकर, रमी आणि तीन पत्तीच्या बड्या अॅपांनी पैशांचे डाव लगोलग गुंडाळले. सरकारच्या अंदाजाप्रमाणे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली होती आणि वीस हजार कोटींहून जास्त रुपये बुडाले होते.

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात पोळा म्हणजे बैलांची सजावट. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. आणि या दोन्हींच्या आडोशाला ओसरीवर, गोठ्यामागे, शेतातल्या मांडवात पत्त्यांचा फड बसतो. गोटमारीवर दरवर्षी वर्तमानपत्रांची पाने भरतात. फडावर येते ती चौकटीतली चार ओळींची बातमी: अमुक ठिकाणी छापा, इतके जण ताब्यात, बावन्न ताशपत्ते आणि रोकड जप्त. वर्षानुवर्षे त्या फडावर घडत आलेला एक निर्णय मात्र कुठल्याच बातमीत येत नाही, आणि मला लिहायचे आहे ते त्याच्याबद्दल. हातात भारी पान आल्यावर माणूस काय करतो? लगेच जोर लावतो, की दबून राहतो?

पोकरच्या जगात या दबून खेळण्यावर पुस्तके लिहिली गेली आहेत, गणिते मांडली गेली आहेत. आपल्याकडे मात्र ही विद्या तोंडी राहिली, आणि ती पोकरची नव्हे, तीन पत्तीची आहे. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. तीन पत्तीत शिकलेले दबणे माणूस जेव्हा पोकरमध्ये नेतो, तेव्हा तो हमखास पैसे घालवतो. कारण त्याच्या जुन्या खेळात हातातले पान कधी हलके होत नाही आणि नव्या खेळात दर पानागणिक ते हलके होऊ शकते.

आधी मुलूख. नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल, नरखेड करत पांढुर्ण्याला येते. सौंसर छिंदवाड्याच्या रस्त्यावर, सावनेरच्या पुढे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत हिंदी, सोयरीक काटोल-वरूडला आणि सातबाऱ्याऐवजी खसरा, असे आयुष्य इथल्या तीन पिढ्यांनी काढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सीमेच्या अलीकडे-पलीकडे डाव तोच असतो, पकडणारा कायदा तेवढा बदलतो. मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा, महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, आता महाराष्ट्राच्या नावाने. दोन्ही इंग्रजांच्या काळातले आणि दोन्हींमध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट.

तीन पत्तीला ती सूट मिळत नाही. १९६७ साली आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले आणि त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला, म्हणजे फ्लश किंवा ब्रॅगला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले. पाने वाटण्यापुरते ते खरेच आहे. रमीत पान उचलता येते, टाकता येते, समोरच्याने काय टाकले ते ध्यानात ठेवता येते. तीन पत्तीत जी तीन पाने आली ती आली. पण पाने वाटून झाल्यावर सुरू होणारी पैशांची चाल ही नशिबाची गोष्ट आहे, असे मला वाटत नाही. तिथे माणूस माणसाला वाचत असतो. कायद्याने त्या वाचनाला किंमत द्यावी असे माझे म्हणणे नाही; या खेळाने मोडलेली घरे पाहिली की न्यायालयाचा कडकपणा समजतो. पण वाचन असते, आणि दबून खेळणे हा त्याचा सगळ्यात अवघड भाग आहे.

बावन्न पानांतून तीन पानांचे हात होतात २२,१०० प्रकारचे. त्यांतले ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे वगैरे, फक्त ५२. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची ओळीतली तीन पाने, ४८, साधे सिक्वेन्स ७२०, कलर, म्हणजे नुसती एका रंगाची तीन पाने, १,०९६, जोड्या ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच नसते, नुसते मोठे पान. शंभरातले चौऱ्याहत्तर हात असे रिकामे. यातून एक गोष्ट निघते, ती फडावरच्या जुन्या लोकांना आकडे न मांडताही ठाऊक असते: साधी दुर्रीची जोडीसुद्धा चारपैकी तीन हातांच्या वर असते. आणि सिक्वेन्स आला तर शंभरातले शहाण्णव हात त्याच्याखाली असतात. म्हणजे तीन पत्तीत ‘भारी’ची सुरुवात लोक समजतात त्यापेक्षा खूप खालून होते. आपल्याकडचा खेळाडू कलरवर मोठ्याने चाल करतो आणि ट्रेलवर दबतो. पण ट्रेल येतो सव्वाचारशे हातांत एकदा. वर्षभराच्या पोळा-दिवाळीच्या डावांत तो एखाद-दोनदा दिसला तर दिसला. दबायचे की नाही, हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडतो तो कलर, सिक्वेन्स आणि मोठ्या जोडीवर.

आता कलर घेऊन सहा जणांच्या फडावर बसा. समोरच्या पाच जणांपैकी कोणाकडे तरी सिक्वेन्स किंवा त्याहून वरचे असण्याची शक्यता साधारण सहापैकी एक. बाकी पाच वेळा, कोणाचा मोठा कलर नसला तर, तुम्हीच वर. आणि ही स्थिती शेवटपर्यंत बदलत नाही. सगळी पाने वाटून झालेली असतात, नवे पान उघडायचे नसते. थांबल्याने हात नासत नाही. त्यामुळे तीन पत्तीत दबण्याला पानांच्या बाजूने काहीच किंमत मोजावी लागत नाही.

किंमत दुसरीकडून मोजावी लागते. फडावर कोण किती वेळ टिकेल, यावर सगळे अवलंबून असते. बूट, म्हणजे सुरुवातीचे पैसे, टाकून झाला, दोघे ब्लाइंड, म्हणजे पाने न पाहता, चालले आहेत, एकाने पाने पाहून चाल केली आहे. पाहणाऱ्याला ब्लाइंडच्या दुप्पट टाकावे लागतात. तुम्ही पाने पाहिली, सिक्वेन्स आहे. लगेच चाल वाढवली तर पाहिलेला घाबरून पॅक होईल, म्हणजे डाव सोडेल, आणि ब्लाइंडवाले पाने उचलून पाहतील. एकदा त्यांनी पाहिले की चौघांतले तिघे निघून जाणार, कारण त्यांच्या हातात काही नसणारच. म्हणून ब्लाइंड चालणारा समोर असेपर्यंत लहानात लहान चाल करत राहणे हा जुना धडा आहे, आणि तो बरोबर आहे. न पाहिलेल्या माणसाला घाई करून पाहायला लावू नये. तो अंधारात टाकत असलेला पैसा हाच या खेळातला सगळ्यात सोपा पैसा.

साइड शो आला की गोष्ट अवघड होते. पाहिलेला खेळाडू आपल्या आधीच्या पाहिलेल्याकडे पाने मागू शकतो. दोघे आपसांत पाहतात, ज्याचे हलके तो पॅक होतो. तुमच्याकडे सिक्वेन्स आहे आणि शेजाऱ्याने साइड शो मागितला. दिला तर तो गेला, एक गिऱ्हाईक कमी. शिवाय त्याच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांना कळते की याच्याकडे काहीतरी आहे. नाकारला तर सगळा फड समजतो की हा दबलाय. यातून सुटायची एकच वाट मला पटते: हलक्या हातावरही अधूनमधून साइड शो नाकारत जायचे. मग नकाराचा अर्थ कोणाला लागत नाही. हे एका डावात जमत नाही, रात्रभराच्या वागण्यातून जमवावे लागते. चांगला दबणारा खेळाडू त्या डावाच्या कितीतरी आधीपासून तयारी करत असतो. ज्याला कालपर्यंत भारी पानावर छाती पुढे काढायची सवय होती, तो आज अचानक पुन्हा पुन्हा पाने पाहू लागला, ‘किती झाले, किती झाले’ विचारू लागला, तर पोरेसोरेही ओळखतात.

दोघेच उरले की शो. समोरचा पैसे टाकून पाने उघडायला लावू शकतो, म्हणजे डाव संपवण्याची दोरी त्याच्याही हातात असते. इथे फार हळू चालणारा खेळाडू स्वतःच्याच हाताने नुकसान करतो. चाल लहान असते तेव्हा शो स्वस्त पडतो. समोरच्याला थोड्या पैशांत खरे-खोटे करून घेता येते आणि मोठा हात छोट्या ढिगावर संपतो. तीन पत्तीत दबायचे ते तिघे-चौघे असेपर्यंत. दोघांवर आले की चाल चढवायची. हा नियम मी ठामपणे मांडतो. समोरचा दर फेरीला उतावळेपणाने चाल वाढवणारा असेल, तर मात्र त्याला वाढवू द्यावे.

पोकरमध्ये, म्हणजे आज जगभर चालणाऱ्या टेक्सस होल्डेममध्ये, प्रत्येकाला दोनच पाने झाकून मिळतात. मग मध्ये सगळ्यांसाठी पाच पाने उघडतात: आधी तीन एकदम, त्यांना फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग एक रिव्हर. दर टप्प्यावर पैसे लावण्याची फेरी. आपल्या दोन आणि मधल्या पाचांतून उत्तम पाच पानांचा हात करायचा. म्हणजे फ्लॉपवर जो वर आहे तो रिव्हरवर वर असेलच असे नाही.

तुमच्याकडे दश्शी आणि अठ्ठी आहे. फ्लॉप उघडला: बदामची दश्शी, बदामची अठ्ठी, इस्पिकची दुर्री. दोन जोड्या झाल्या, सुरेख हात. तीन पत्तीत वाढलेला माणूस इथे हमखास गप्प बसतो, चेक म्हणतो, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे देतो, समोरच्याला येऊ दे म्हणतो. समोरच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची पंजी आहे. त्याला आणखी एक बदाम हवा आहे. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम शिल्लक आहेत, म्हणजे पुढच्याच पानावर पाचपैकी जवळजवळ एकदा तो तुमच्या वर जातो. दोन्ही पाने पाहायला मिळाली तर साधारण ३५ टक्के वेळा त्याला फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, लागतो. तुम्ही चेक केले म्हणजे ते पान त्याला फुकट दिले. त्याऐवजी मधल्या १,००० च्या ढिगावर ५०० लावा. आता त्याला २,००० च्या ढिगासाठी ५०० टाकायचे आहेत. हा सौदा परवडायला चारपैकी एकदा तरी पान लागले पाहिजे, आणि लागते पाचपैकी जेमतेम एकदा. तो आला तर चूक त्याची, गेला तर ढीग तुमचा. गप्प राहिलात तर चूक तुमची.

आता दुसरा फ्लॉप: राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची, आणि तुमच्या हातात दोन राजे. मध्ये एक, तुमच्याकडे दोन, चौथा राजा कुठे असेल तिथे. समोरच्याकडे राजाची जोडी असणे जवळजवळ अशक्य. फ्लश जमायची वाट नाही, सिक्वेन्सचीही जवळपास नाही. पैसे लावलेत तर त्याच्याकडे यायला कारणच नाही. इथे चेक करावे. त्याला एक पान पाहू द्यावे. एक्का किंवा राणी लागून त्याची एखादी जोडी होऊ द्यावी, म्हणजे तो आपल्या पायांनी चालत येईल. हात दोन्हीकडे जबरदस्त होता, पण एकीकडे गप्प राहणे घातक आणि दुसरीकडे गप्प राहणेच शहाणपणाचे. हाताच्या ताकदीवरून हा निर्णय होत नाही.

डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडूने १९८७ च्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात या निर्णयाच्या अटी सांगितल्या. त्या एकेक पाहिल्या की दबण्याची जागा किती अरुंद आहे ते कळते. हात फारच भारी हवा. जे पान तुम्ही फुकट पाहू देता, त्याने समोरच्याचा हात सुधारून दोन नंबरचा व्हायला हवा, पण एक नंबरचा होता कामा नये. आता जोर लावला तर सगळे पळतील अशी खात्री हवी आणि न लावल्यास पुढे मोठा ढीग मिळायची आशा हवी. आणि मधला ढीग आधीच मोठा झालेला नसावा. तो मोठा असेल तर आहे तो घ्यावा, जास्तीच्या आशेने तो टांगणीला लावू नये. ही शेवटची अट आपल्या लोकांना सर्वांत जड जाते. ढीग जितका मोठा, तितका दबायचा मोह मोठा. हिशेब सांगतो नेमके उलटे.

दबण्याच्या गोष्टींमध्ये सगळ्यांत गाजलेला डाव १९८८ चा. लास व्हेगासमधल्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा, १६७ खेळाडू, शेवटी दोघे उरलेले: जॉनी चॅन आणि एरिक सायडेल. चॅनकडे गुलाम आणि नव्वी. फ्लॉप उघडला राणी, दश्शी, अठ्ठी. चॅनचा सिक्वेन्स जागीच पूर्ण, आणि त्या क्षणी त्याहून वरचा हात शक्यच नव्हता. सायडेलकडे राणी आणि सत्ती, म्हणजे मधल्या राणीशी जोडी. चॅन दबून राहिला. टर्नला दुर्री, रिव्हरला छक्की. रिव्हरवर सायडेलने सगळे चिप्स आत ढकलले. चॅन लागोपाठ दुसऱ्या वर्षी जिंकला, सात लाख डॉलर. १९९८ च्या ‘राउंडर्स’ या चित्रपटात या डावाचे खरे चित्रण वापरले आहे आणि तेव्हापासून पोकर शिकणाऱ्या प्रत्येक पोराला चॅनसारखे दबायचे असते.

पण त्या पोराने पाने नीट पाहावीत. सायडेलला फ्लॉपनंतर वर जायला पुढची दोन्ही पाने नेमकी मनासारखी यावी लागली असती. एका पानाने त्याचे काही होणार नव्हते. शिवाय त्याच्याकडे टिकून राहण्यासारखे काहीतरी होते, राणीची जोडी. समोर एकच माणूस होता आणि तो आक्रमक होता. चॅनचे धैर्य थोर खरेच, पण त्या धैर्याला पानांनी जागा करून दिली होती. बदामच्या दोन पानांच्या फ्लॉपवर, चौघे समोर असताना चॅनसारखे गप्प बसणे याला धैर्य म्हणता येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे पोकर आले ते मोबाइलवरून, आणि खेळायला आलेल्यांत रमी-तीन पत्तीवर वाढलेल्यांची संख्या मोठी होती. नागपूर, अमरावती, छिंदवाडा, कुठल्याही गावातला पंचविशीतला पोरगा अॅप उघडायचा आणि जगातल्या सगळ्यांत अवघड पत्त्यांच्या खेळात तीन पत्तीची सवय घेऊन बसायचा. हातात जोडी धरून फ्लॉपवर तिसरे पान जुळणे साडेआठ वेळांत एकदा होते. इतकी वाट पाहून आलेल्या हातावर तो गप्प बसायचा, कारण लहानपणापासून पाहिले होते ते हेच: खरा खेळाडू भारी पानावर डोळासुद्धा हलवत नाही. बहुतेक वेळा त्याला लहान ढीग मिळायचा आणि कधीतरी फुकट दिलेल्या पानावर मोठा ढीग जायचा. अॅप बंद झाले याचे मला दुःख नाही. ज्यांच्या घरातल्या पोरांनी कर्ज काढून खेळ केला, त्या घरांना विचारावे. पण गेलेल्या पैशांत नशिबाइतकाच वाटा या एका चुकीच्या सवयीचा होता, हेही कोणीतरी सांगायला हवे.

थांबण्याची खरी किंमत या पट्ट्यात कोणाला कळत असेल तर ती संत्र्याच्या बागायतदाराला. पांढुर्णा-सौंसरची संत्री नागपुरी संत्र्याच्याच जातीची. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडे ताणावर सोडतात, मग पाणी देऊन ताण तोडला की फुलोरा येतो आणि फळ ऑक्टोबरपासून पुढे तोडणीला येते. मृग बहाराचा फुलोरा पावसाच्या सुरुवातीला, तोडणी फेब्रुवारीनंतर. व्यापारी येतो तो फळ झाडावर असतानाच. बगीचा उभा विकायचा, कधी हजार फळांमागे भाव ठरवून, कधी सगळाच ठोक. इसार देतो, तोडा त्याचे मजूर करतात. ऑगस्टमध्ये झाडे लदलेली असतात. बागायतदाराच्या हातात भारी पान असते आणि त्यालाही तोच प्रश्न पडतो. आता द्यावे, की भाव चढेपर्यंत बसावे?

तो बसतो तेव्हा त्याला पक्के माहीत असते की दर आठवड्याला एक नवे पान उघडणार आहे. फळगळ, कोळशी, रात्री येऊन फळात सोंड खुपसणारा रसशोषक पतंग, परतीचा पाऊस, गारपीट. फळ झाडावर जास्त दिवस राहिले तर साल सुटते, फळ पोचट होते, वजन जाते. मध्येच बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले की सीमेपलीकडे जाणारा माल अडतो आणि सगळा भार देशातल्या बाजारावर येतो. बागायतदार थांबतो तो झाडे निरोगी असतील, विहिरीला पाणी असेल आणि आजूबाजूच्या बागा हलक्या असतील तेव्हा. व्यापाऱ्याचा आकडा आधीच चांगला असेल आणि आभाळ भरून येत असेल, तेव्हा तो इसार घेऊन मोकळा होतो. याच घरातला पोरगा रात्री मोबाइलवर बसला की बापाचा हा हिशेब विसरायचा, याचे मला फार वाईट वाटते. स्क्लान्स्कीच्या अटी त्याच्या ओसरीवर बोलल्या जात होत्या.

गणिताने या प्रश्नात पूर्वीच हात घातला होता. जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत १९४४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात पोकरचे एक सोपे रूप मांडले आहे. त्यातला निष्कर्ष दबणाऱ्यांना आवडणारा नाही: पैसे लावावेत ते सगळ्यांत भारी आणि सगळ्यांत हलक्या हातांवर, मधल्यांवर गप्प राहावे. भारी हातावर लावायचे पैसे वसूल व्हावेत म्हणून तर हलक्यावर थाप मारायची. खरा खेळ त्या रूपापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि तिथे दबण्याला जागा आहे, हे पुढे यंत्रांनी दाखवले. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने पिट्सबर्गमध्ये वीस दिवस, १,२०,००० डाव खेळून चार कसलेल्या खेळाडूंना हरवले. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर तेच केले. असे प्रोग्रॅम एकाच परिस्थितीत कधी भारी हातावर पैसे लावतात, कधी त्याच हातावर चेक करतात, ठरलेल्या प्रमाणात. कारण सरळ आहे. चेक करणारा प्रत्येक वेळी कमजोरच असेल तर समोरचा त्याला दरवेळी दाबेल. अधूनमधून त्या चेकमागे सिक्वेन्स सापडला की तो बिचकून राहतो. साइड शो नाकारण्याबद्दल वर जे म्हटले, त्याचीच ही जात.

म्हणजे चॅनचा डाव एकटा सुटा काढून पाहण्यात अर्थ नाही. आजच्या डावात दबून मिळालेले थोडेसे जास्तीचे पैसे हा त्याचा छोटा भाग. मोठा भाग असा की पुढच्या शंभर डावांत तुमचे गप्प राहणे कोणाला स्वस्त वाटत नाही. पण त्यासाठी शंभर डाव त्याच माणसांबरोबर खेळायला हवेत. अॅपवर समोरचा माणूस दर काही मिनिटांनी बदलत असे, तिथे हे भांडवल जमतच नव्हते. जमते ते ओळखीच्या फडावर, जिथे वीस वर्षे तेच सहा जण दिवाळीला बसतात.

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे पाडव्याला, द्यूत प्रतिपदा असेही म्हणतात. शंकर-पार्वतीच्या द्यूताची कथा त्या दिवसाला जोडलेली आहे, आणि त्या निमित्ताने अनेक घरांत पत्ते निघतातच. पैसे लावले तर सीमेच्या दोन्ही बाजूंना गुन्हा होऊ शकतो, आणि घरातल्या पोरांसमोर ते शोभतही नाही. पण नुसते फुकट खेळलात तर दबणे शिकता येत नाही. हरण्याची भीती नसेल तर कोणी पॅक होत नाही, सगळे शेवटपर्यंत बसतात, आणि पळवून लावण्याची किंवा थांबवून ठेवण्याची गरजच उरत नाही.

यावर एक सोपा तोडगा आहे. प्रत्येकाला शंभर चिंचोके मोजून द्या. संपले की तो माणूस रात्रीपुरता बाहेर, उसने नाहीत, नवे नाहीत. बाहेर गेलेल्याने चहा करायचा. शेवटी ज्याच्याकडे जास्त, त्याच्या पुढ्यात फराळाचे ताट आधी. एवढ्यावर चिंचोक्याला किंमत येते आणि मोठी माणसेसुद्धा दहा चिंचोके टाकताना विचार करू लागतात. आधी तासभर तीन पत्ती खेळा, मग त्याच चिंचोक्यांवर होल्डेम. दोन्हींत भारी पान आलेला प्रत्येक डाव संपल्यावर पाने उघडी ठेवा आणि विचारा: दबलो तेव्हा समोर किती जण होते, मध्ये किती चिंचोके होते, पुढचे कुठले पान मला मारणार होते. होल्डेमच्या पहिल्या तासात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच पटकन देता येणार नाही. दुसऱ्या तासात निम्म्यांना येईल.